मृत्तिकामुद्रित शिल्प

संगणकावर रचलेल्या आकाराबरहुकूम यंत्राच्या तोटीतून ओल्या मातीची वळी सोडून, ती थरावर थर चढवत घडवलेले शिल्प. मातीच्या वळ्या हाताने लांबवून एकीवर एक रचण्याची रीत कुंभाराच्या चाकाहूनही जुनी आहे. या प्रकारात तीच यंत्राकडून करवून घेतली जाते आणि नवे असते ते केवळ तोटीचा मार्ग आखून देणारे संगणकीय आरेखन.

ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पामुळे त्रिमितीय मुद्रकाची, म्हणजे थरांनी वस्तू उभारणाऱ्या यंत्राची, रचना सर्वांना खुली झाली. अशाच यंत्रात वितळत्या प्लॅस्टिकऐवजी हवेच्या दाबाने चिकणमाती ढकलण्याचे प्रयोग बेल्जियममधील अँटवर्पच्या ‘अनफोल्ड’ या कलावंत-जोडीने २००९ च्या सुमारास केले. त्यांच्या ‘लार्तिझाँ एलेक्ट्रॉनिक’ (२०१०) या मांडणीशिल्पात प्रेक्षक लेसरच्या प्रकाशात हात फिरवून पडद्यावरील फिरत्या आकाराला वळण देत व यंत्र तो आकार मातीत उतरवी. ऑलिव्हिए व्हान हेर्प्ट या डच कलावंताने पुढे मुद्रणाच्या पाटाखाली ध्वनिवर्धक बसवून, आवाजाच्या कंपनांची नक्षी भांड्यांच्या अंगावर उमटवली.

या शिल्पांचे यश संगणकापेक्षा मातीवर अधिक अवलंबून असते. माती सैल असेल तर वरच्या भाराने खालचे थर बसतात, घट्ट असेल तर तोटी तुंबते आणि तिच्यात हवा अडकली असेल तर वळी मध्येच तुटते. त्यामुळे माती चाळणे, भिजवणे, तिंबणे ही कुंभारकामातील जुनी कामे येथे टळत नाहीत, आणि शिल्प भाजायचे असल्यास ते आधी सावकाश सुकवावेच लागते. हाताला न साधणारी गुंतागुंत दाखवण्याच्या हौसेपायी अनेक कृती एकमेकींसारख्याच दिसू लागल्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे. थरांचा किंचित ढळ जेथे मुद्दाम राखलेला असतो, तेथे मातीचा स्वभाव अधिक जाणवतो.

मातीकामाच्या ग्रामीण परंपरेशी थेट नाते अमेरिकेतील रोनाल्ड रेएल व व्हर्जिनिया सॅन फ्रॅटेलो यांच्या ‘मड फ्रंटियर्स’ (२०१९) या प्रकल्पात दिसते. कोलोरॅडोतील सॅन लुइस खोऱ्यात माती, वाळू व पेंढा कालवून कच्च्या विटांची घरे बांधण्याची रीत आहे. रेएल मूळचे तेथलेच असून, त्या मातीतून त्यांनी सहज हलवता येणाऱ्या यंत्रहस्ताने चार वास्तुशिल्पे उभारली. ‘हार्थ’मध्ये आतली व बाहेरची भिंत जुनिपरच्या सहसा न कुजणाऱ्या लाकडांनी जोडली आहे, ‘बीकन’मध्ये नागमोडी थरांमुळे पातळ भिंतही तग धरते, ‘लुकआउट’ हा मातीचाच जिना आहे, तर ‘किल्न’ ही स्थानिक अभ्रकयुक्त मातीची भांडी भाजण्याची भट्टी आहे. न भाजलेली माती पावसाने झिजते व तिला वेळोवेळी लिंपावे लागते. यंत्राने रचलेल्या भिंतीही याला अपवाद नाहीत.