क्षारपड जमिनीची मोजणी

सांगली जिल्ह्यातील वाळवा व मिरज, तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ या तालुक्यांत उसाच्या अनेक शेतांवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. काळ्या जमिनीला पाण्याचा अतिरेक झाला आणि निचरा नसला, की भूजलाची पातळी वर येते. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. पांढरा थर दिसेपर्यंत पिकाचे नुकसान झालेले असते. म्हणूनच वेळीच मोजणी आवश्यक ठरते.

क्षारांचे प्रमाण विद्युतवाहकतेवरून कळते. पाण्यात क्षार जितके अधिक विरघळलेले, तितकी वीज सहज वाहते. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर. प्रयोगशाळेत माती पाण्याने संपृक्त करून तिचा अर्क तपासतात. त्याची वाहकता ४ पेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त मानली जाते. ऊस मात्र त्याआधीच, सुमारे १.७ च्या पुढे, उत्पादनात घट दाखवू लागतो, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो.

शेतावर सोपी पद्धत वापरतात. गिरमिटाने ०-३०, ३०-६० व ६०-९० सेंटीमीटर खोलीवरून नमुने घ्यावेत. एक भाग वाळलेली माती व दोन भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळून, गाळ बसल्यावर खिशात मावणाऱ्या मीटरने वाचन घ्यावे. पाणी अधिक असल्याने हा आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी येतो. त्याला ४ ची मर्यादा थेट लावू नये. तापमान एक अंश वाढल्यास वाहकता सुमारे दोन टक्के वाढते, म्हणून आकडे २५ अंश सेल्सिअसला धरतात.

विस्तीर्ण क्षेत्रासाठी 'ईएम-३८' हे विद्युतचुंबकीय उपकरण उपयुक्त ठरते. जमिनीवर उभे ठेवल्यास ते सुमारे दीड मीटर खोलीपर्यंतचा अंदाज खणल्याविना देते. ओलावा व चिकणमातीचाही त्यावर परिणाम होत असल्याने काही नमुन्यांशी पडताळणी करावी लागते.

केवळ वाहकतेवर मात्र विसंबू नये. सामू ८.५ पेक्षा अधिक व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असल्यास जमीन चोपण असते. तिला जिप्सम लागते; निव्वळ क्षारयुक्त जमिनीला निचरा व गोडे पाणी पुरते. निदान चुकल्यास जिप्समवरील खर्च वाया जातो.