गुरांची नर-मादीवाचक नावे

गुरांचे लिंग, वय आणि उपयोग सांगणारी मराठी नावे. गोवंशातील पिल्लू नर असो वा मादी, आधी ते वासरूच. पुढे नर गोऱ्हा होतो, मादी कालवड. कोकणात पाडा आणि पाडी म्हणतात.

वयात आलेला, पण अजून न बडवलेला नर म्हणजे खोंड. बडवल्यावर, म्हणजे खच्ची केल्यावर, तो बैल ठरतो आणि औताला, गाडीला जुंपला जातो. पैदाशीसाठी राखलेला तो वळू. म्हणजे ‘बैल’ हा गायीचा नर नव्हेच, तो कामाचा गडी! शहरी लिखाणात ही गल्लत सर्रास दिसते, ती टाळायला हवी.

बाजारात नावाआधी दात पाहतात. जबडा उघडून खालच्या ओळीतले कायमचे दात मोजले जातात: आदत (एकही कायमचा दात न आलेले), दोनदाती, चारदाती, सहादाती. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली जोडी येते. आठही दात आले की जनावर ‘जुळले’.

गायीची नावे दुधाभोवती फिरतात. गर्भार ती गाभण, दूध देते ती दुभती, आटली की भाकड. पहिल्या वेताची ती पहिलारू.

म्हशीचा नर रेडा किंवा टोणगा, पिल्लू रेडकू किंवा पारडू, तरुण मादी वगार. शेळीचा नर बोकड, पिल्लू करडू; मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. पिल्लांची ही सारी नावे नपुंसकलिंगी आहेत.