धुराची किंमत

माझ्या अब्बांची पिठाची गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. गावात वीज आली, पण मोटर घ्यायला पैसे नव्हते. इंजिनावर आमची चूल पेटायची आणि त्याच्याच धुरानं अब्बांना खोकला जडला.

म्हणून १९९८ सालची लॉस एंजेलिसची हकीकत मला परकी वाटत नाही. तिथं पालापाचोळा उडवणाऱ्या पेट्रोल यंत्रांवर घरांपासून ५०० फुटांच्या आत बंदी आली. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माळ्यांनी जानेवारीत नगरभवनासमोर उपोषण केलं. हाती झाडू आला, तर दिवसाकाठी घरं कमी होणार, मजुरी बुडणार! बंदी मात्र टळली नाही.

पुढं २०२१ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला. २०२४ पासूनची अशी बहुतेक नवी यंत्रं धूरविरहित हवीत. जुनी वापरायला मुभा आहे. असं यंत्र तासभर चालवणं म्हणजे धुरकं वाढवण्याच्या बाबतीत मोटार सुमारे १,७७० किलोमीटर पळवण्यासारखं, असा तिथल्या हवा मंडळाचा हिशेब. तो धूर आधी माळ्याच्याच छातीत जातो. सरकारनं मदतीला ३ कोटी डॉलर ठेवले. पण दिवसभर पुरतील इतक्या बॅटऱ्या घेणं लहान धंद्याला जडच.

धूर जायलाच हवा. त्याची किंमत मात्र एकट्या माळ्यानं का मोजावी? अब्बांना मोटरीसाठी कुणी हात दिला असता, तर त्यांनी इंजिन त्याच दिवशी बंद केलं असतं.