शेवंडीची शेपटी

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलाकडची माणसं पैठणची. आम्ही मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले. तारीख ठरली तशी अम्मीनं खाटेवरूनच फर्मान काढलं, ‘शेवंड पाहिजे.’

आमच्या घरात शेवंड रोज कधीच शिजली नाही. मामू जहाजावरून परत आले की, ईदच्या दुसऱ्या दिवशी आणि मुलीची सोयरीक जुळली की. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोळंबी हातभर वाढवा, तिला काटेरी चिलखत घाला, अंगापेक्षा लांब मिशा लावा, झाली शेवंड. हॉटेलांच्या जाहिरातीत दिसतो तो मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर अटलांटिक महासागरातला, वेगळ्या कुळातला. आपल्या शेवंडीला तसल्या नांग्या नसतात. तिचं मांस म्हणजे शेपटी. हातात धरली की ती मिशांच्या बुडातून करकर आवाज करते. लहानपणी आम्ही म्हणायचो, दार वाजवते आहे.

मी कविता लिहितो हे काही जणांना माहीत आहे. घरातला मोठा स्वयंपाक मी करतो हे त्याहून थोड्यांना ठाऊक आहे. कविता ऐकून उठलेल्यांपेक्षा जेवून उठलेले लोक अधिक समाधानी दिसतात, असा माझा अनुभव आहे. तर ही जबाबदारी माझ्यावर आली, आणि पाठोपाठ दोन अडचणी आल्या.

पहिली अडचण, अख्खी शेवंड मिळेना. धक्क्यावर आलेला चांगला माल व्यापारी आधीच उचलतात. शेवटी एका कोल्ड स्टोरेजच्या दुकानात गोठवलेल्या शेपट्या मिळाल्या, सहा. किंमत सांगत नाही. त्यात महिनाभराची मासळी आली असती. पिशवी उघडून अम्मीनं आत पाहिलं आणि विचारलं, ‘डोकी कुठं आहेत?’ तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे रश्श्याला जी चव येते ती डोक्यातून येते.

दुसरी अडचण बायकोनं हळूच कानावर घातली. ‘पैठणचे लोक हनफी आहेत. ते शेवंड खात नाहीत.’

या दोन्ही अडचणींच्या मागे इतिहास आहे.

शेपटीचा आधी सांगतो. इजिप्तमध्ये देर अल-बहरी इथं हातशेपसूत राणीचं मंदिर आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. पुंत देशाला गेलेली तिची गलबतं तिथल्या भिंतीवर कोरली आहेत आणि गलबतांखालच्या पाण्यात मासे कोरले आहेत. त्यांत एक शेवंड आहे, मिशांसकट. तांबड्या समुद्रातली. तिथून पुढे रोमन लोक. अपिशियसच्या नावावर पाककृतींचा जो संग्रह चालत आला आहे, त्यात या शेवंडीच्या भूमध्य समुद्रातल्या बहिणीच्या कृती आहेत. एका कृतीत ती जिऱ्याच्या रश्श्यात आहे. दुसरीत नुसत्या शेपटीचं मांस उकडून, कुटून, त्यात मिरी, अंडी आणि आंबवलेल्या माशांचं खारं पाणी घालून वड्या केल्या आहेत. त्या काळी रोममध्ये जाणारी मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून जात होती. म्हणजे शेवंड त्यांची आणि मसाला आपला.

पण तिथंही शेपटी घरात कापली जात होती. समुद्रकाठीच डोकं वेगळं करून शेपटी परदेशी पाठवणं ही विसाव्या शतकातली गोष्ट. बर्फाची यंत्रं आली आणि दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया इथले कारखाने गोठवलेल्या शेपट्या अमेरिकेला पाठवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्यानं जोर धरला. कारण सरळ होतं. शेवंड मेली की आधी डोकं नासतं, कारण पोट, यकृत सगळं तिथंच. पेटीत जागाही तेच खातं. डोकं तोडलं की उरतो तो स्वच्छ, मोजता येणारा, वजनावर विकता येणारा माल. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला लोण्यात भाजलेली लॉबस्टरची शेपटी, ही अमेरिकेतली चाल या गोठवलेल्या पेट्यांशिवाय घरोघरी पोचली नसती.

आपल्याकडे 1950 च्या दशकात कन्याकुमारीच्या बाजूनं हा व्यापार सुरू झाला. पुढे गुजरातचं वेरावळ आणि मुंबईचा किनारा यांचं नाव त्यात मोठं झालं. आमच्या गावाला ते कसं कळलं? मी शाळेत होतो. एक टेम्पो यायला लागला, मागे बर्फाच्या पेट्या. आदल्या वर्षापर्यंत जाळ्यात शेवंड अडकली की ती शेजाऱ्याकडे जायची, मौलवीसाहेबांकडे जायची, शिक्षकांच्या घरी जायची. टेम्पो आल्यापासून ती फक्त टेम्पोकडे जाऊ लागली. शेपट्या गेल्यावर मागे राहिलेली डोकी कधीकधी स्वस्तात मिळत. कित्येक वर्षं आम्ही त्या डोक्यांचं सालन खाल्लं, आणि ते उत्तमच लागायचं. आता मुंबईत माझ्या हाती शेपट्या आल्या तर डोकी नाहीत. एका प्राण्याची पुरी ओळख करून घ्यायला मला चाळीस वर्षं आणि दोन बाजारपेठा लागल्या!

2003 साली केंद्र सरकारनं शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजनं ठरवून दिली. मुंबईकडे मिळते त्या चिखलातल्या शेवंडीसाठी अख्खी 300 ग्रॅम, नुसती शेपटी 90 ग्रॅम. यातच सगळा हिशेब आहे. तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग पेटीत जातो. मी घरातल्या काट्यावर आमच्या सहा शेपट्या मांडल्या. चार भरल्या. एक 85 ग्रॅम निघाली, एक 70. नियम निर्यातीचा होता, बाहेर न जाणारा लहान माल देशातल्या दुकानात यायला वाट मोकळीच होती. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं मासळीच्या पन्नासावर जातींसाठी किमान आकार ठरवले, पण स्वयंपाकघरात काटा घेऊन कोण बसतं?

शेपटी उलटी केली की आणखी एक गोष्ट दिसते. खालच्या बाजूला पानांसारख्या पाकळ्या असतात. मादीच्या रुंद. तिथंच ती अंडी चिकटवून वागवते, लाखांच्या घरात. अंड्यांतून निघालेली पिल्लं काचेच्या पानासारखी पारदर्शक असतात आणि कित्येक महिने समुद्रात तरंगत राहतात, तेव्हा कुठं त्यांना शेवंडीचा आकार येतो. अमेरिकेच्या मेन राज्यात अंडीवाली मादी जाळ्यात आली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला खाच पाडून पाण्यात सोडायचा नियम आहे. पुढे ती बिनअंड्याची सापडली तरी खाच पाहून पुन्हा सोडतात. आपल्याकडे अंडी खरवडून शेपटी पेटीत जाते. माझ्या सहांपैकी तीन माद्या होत्या. त्यांना अंडी होती की नव्हती हे डोकं तोडणारालाच ठाऊक. दादीच्या काळी अंडीवाली शेवंड आली की घरात आनंद व्हायचा, अंडी कुणाच्या पानात जाणार यावर आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. हेही सांगायला हवं.

मुंबईच्या समुद्रात शेवंडीची एक चपटी जात होती, पुढे फावड्यासारख्या चपट्या मिशा असलेली, वाळूत राहणारी. ट्रॉलरच्या जाळ्यात ती भरभरून यायची आणि निर्यात व्हायची. पकड वाढत गेली, अंडीवाल्या माद्याही उचलल्या गेल्या, आणि 1994 पासून मुंबईतली ती मासेमारी कोसळली. शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधात त्यासाठी ‘कोसळणे’ हाच शब्द वापरला आहे.

आता दुसरी अडचण. एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे आम्ही, मग शेवंडीवरून पाट वेगळे का? कुराणात समुद्रातली शिकार हलाल सांगितली आहे. तिचा अर्थ लावताना इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेनं पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा मान्य केला. शेवंड मासा नव्हे, खेकडाही नव्हे. कोळंबी मासा की नव्हे, यावर त्यांच्यात आजही वाद होतात. इमाम शाफई यांच्या परंपरेनं समुद्रातच राहणारे जवळजवळ सगळे जीव मान्य केले. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन हनफी, कोकणातले आम्ही शाफई.

आम्ही शाफई झालो ते समुद्रामुळे. दिल्लीकडून जो इस्लाम दख्खनेत आला तो मध्य आशियातून जमिनीवरून आलेला. कोकणात तो त्याच्या कितीतरी आधी गलबतांतून आला. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी 916 च्या सुमारास आपल्या चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. राष्ट्रकूटांच्या वतीनं तिथं शिलाहार झंझ राज्य करत होता. मसूदीनं तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान पाहिले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथंच जन्मलेले. त्यांचा न्यायनिवाडा करायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं खाली होनावरला किनाऱ्यावरचे लोक शाफई असल्याची नोंद केली. आणि माहीमचे मखदूम अली माहिमी, 1372 ते 1431, ज्यांच्या दर्ग्यावर आज सगळ्या धर्मांची गर्दी होते, ते शाफई परंपरेतले मोठे पंडित. कुराणावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं, तेही माहीमच्या खाडीकाठी बसून.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना शेवंड चालते म्हणून शाफई मत इथं रुजलं, असं म्हणण्याचा मोह मला कवी म्हणून होतो. पण ते खरं नाही. मत व्यापाऱ्यांबरोबर आलं, शेवंड आधीपासून होती. दोघांचं जमलं, एवढंच.

साखरपुड्याला काय केलं ते सांगतो. शेपट्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश निवू दिल्या. गरम पाण्यात टाकून घाई केली की मांस पाणी सोडतं. सकाळी खालच्या बाजूचा पातळ पडदा कात्रीनं दोन्हीकडून कापला, मांस अखंड सोडवलं, पाठीतला काळा धागा काढला. मीठ, हळद, लिंबू. मांस शिजताना आकसून वाटोळं होतं, म्हणून प्रत्येकात खराट्याचा एकेक धुतलेला हीर खोवला.

डोक्यांचा प्रश्न कवचांनी सोडवला. रिकामी कवचं थोड्या तेलात लसणीबरोबर परतली. निळसर-करडं कवच तापलं की लाल होतं. तो रंग आत असतोच, प्रथिनानं बांधून ठेवलेला, उष्णतेनं गाठ सुटते. मग दोन तांबे पाणी घालून अर्धा तास उकळून गाळलं. त्यात ओलं खोबरं, धणे, बेडगी मिरची, हळद यांचं वाटण, चार सोलं, शेवटी नारळाचं घट्ट दूध. शेपट्या त्यात अगदी शेवटी, पाचसहा मिनिटं. जास्त ठेवाल तर रबर चघळाल. सोबत सांदण. अम्मीनं बोट बुडवून चाखलं, म्हणाली, ‘डोक्याची सर नाही.’ थोड्या वेळानं पुन्हा बोट बुडवलं.

बायकोनं शेवंडीचं पातेलं, डाव, ताटल्या सगळं वेगळं ठेवलं होतं, पैठणकरांना अवघड वाटू नये म्हणून. त्यांच्यासाठी मटणाची बिर्याणी. दस्तरखान मात्र एकच. मुलाचे आजोबा निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेले. ते बराच वेळ आमच्या ताटलीकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘हे काय म्हणायचं? समुद्रातला विंचू?’ सगळे हसले. मी त्यांना चौलपासून सगळी कथा सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली, मधेच मसूदीचं साल पुन्हा विचारून घेतलं. ‘आमच्याकडं मासा म्हंजे गोदावरीचा,’ ते म्हणाले. ‘पण पैठणचा मालही पूर्वी समुद्रापर्यंत जायचा की. मग तुमच्या बंदरात आमचेही लोक आले असतील.’ हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मुलगी दोन्ही पातेल्यांतून वाढत होती. तिनं स्वतः त्या दिवशी शेवंड खाल्ली नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘नंतर जेवते.’ नंतर शिल्लक राहिली नव्हती.

निघताना आजोबांनी एक रिकामं लाल कवच मागितलं. लिंबानं तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. पैठणला ते पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं आहे, शेजारची पोरं पाहायला येतात. रंग जरा फिकटला आहे म्हणे, आणि पहिले आठ दिवस विहीणबाईंनी ते गच्चीवर ठेवायला लावलं होतं.