सामुदायिक बाग: शहरात भाजी पिकते, पण जागा कुणाची असते?

‘आमच्या गच्चीतली पहिली वांगी’ असे फोटो आणि रील तुमच्याही टाइमलाइनवर येत असतील. घरच्या घरी चार कुंड्या लावणं सोपं असतं. पण एका वस्तीतली तीस-चाळीस माणसं एकत्र आली आणि स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या जागेवर भाजी पिकवू लागली, तर प्रश्न बदलतात. पाणी कोण घालणार? आलेली भाजी कुणाची? आणि जागेच्या मालकाने उद्या ती परत मागितली तर?

यातल्या शेवटच्या प्रश्नाची गाजलेली परीक्षा न्यूयॉर्क शहरात झाली. तिथे आज ५५० हून अधिक सामुदायिक बागा आहेत. त्या कशा उभ्या राहिल्या आणि कशा वाचल्या, हे समजून घेतलं की अशा बागेचं सगळं गणित लक्षात येतं.

सामुदायिक बाग म्हणजे नेमकं काय?

उद्यान पालिका सांभाळते. माळी पगारी असतो आणि आपण फिरायला जातो. सामुदायिक बागेत मात्र खुरपं लोकांच्याच हातात असतं. जागा पालिकेची, एखाद्या ट्रस्टची, शाळेची किंवा सोसायटीची असू शकते, पण मशागत आणि देखभाल स्वयंसेवक करतात.

अशा बागांचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात प्रत्येक कुटुंबाला एकेक वाफा मिळतो आणि त्यातलं पीक त्या कुटुंबाचं. दुसऱ्यात सगळी बाग सामाईक असते आणि भाजी राबणाऱ्यांत वाटली जाते, विकली जाते किंवा गरजूंना दिली जाते. अनेक ठिकाणी दोन्हींचा मेळ असतो. वाफे वेगवेगळे असले, तरी पाण्याची टाकी, अवजारं, खताचा खड्डा आणि फाटकाची चावी सामाईक असते. भांडणं होतात तीही बहुतेक याच गोष्टींवरून.

कल्पना कुठून आली?

युरोपात कारखान्यांची शहरं वाढली, तेव्हा कामगारांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने असे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेत सरकारनेच लोकांना अंगणात, मैदानात भाजी लावायला सांगितलं. त्या काळात अमेरिकेत अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या, असा अंदाज सांगितला जातो. भारतातही १९४३ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली.

युद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या बहुतेक बागाही संपल्या. गरज सरली, की जागा दुसऱ्या कामाला जाते. पुढे न्यूयॉर्कमध्ये हाच धोका पुन्हा उभा राहिला.

न्यूयॉर्क: ढिगाऱ्यातून उगवलेल्या बागा

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कची अवस्था बिकट होती. १९७५ मध्ये तर शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचलं. गरीब वस्त्यांमधल्या इमारतींचे मालक कर आणि दुरुस्ती परवडत नाही म्हणून इमारती टाकून निघून गेले. काही इमारतींना विम्याच्या पैशांसाठी आगी लावल्या गेल्या. कर थकल्यामुळे अशा अनेक जागा पालिकेच्या ताब्यात आल्या आणि इमारती पाडल्यावर उरले विटांचे, भंगाराचे, कचऱ्याचे ढीग.

लोअर ईस्ट साइड या भागात लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार राहत होती. १९७३ मध्ये तिने मित्रमैत्रिणींना घेऊन एक गट केला. नाव ठेवलं ‘ग्रीन गरिलाज’, म्हणजे ‘हिरवे गनीम’. कुंपणापलीकडच्या पडीक जागांत ते बियाणं भरलेले गोळे फेकायचे. मग बॉवरी आणि हाऊस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा एक भूखंड त्यांनी स्वतः साफ केला, माती आणि खत आणलं, साठ गादीवाफे केले आणि भाजी लावली. १९७४ मध्ये पालिकेने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. क्रिस्टीचं १९८५ मध्ये निधन झालं, पण तिच्या नावाची ती बाग आजही तिथेच आहे.

हे पाहून इतर वस्त्यांनीही तेच केलं. पोर्तोरिकोहून आलेल्या कुटुंबांनी मिरच्या, टोमॅटो, कोथिंबीर लावली. बागेत छोटी लाकडी खोपटी बांधली आणि तिथे वाढदिवस, गाणी, पत्त्यांचे डाव रंगू लागले. १९७८ मध्ये पालिकेने या बागांसाठी ‘ग्रीन थम’ हा कार्यक्रम सुरू केला. माती, अवजारं, कुंपण मिळू लागलं आणि नाममात्र भाड्याचे करारही झाले. पण त्या करारांत एक अट होती: पालिकेला जागेची गरज पडली, तर थोड्या मुदतीची नोटीस देऊन ती परत घेता येईल. जागा उकिरडा होती तोवर त्या अटीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

बागेमुळे भाव वाढला आणि बागच अडचणीत आली

१९९० च्या दशकात शहर सावरलं आणि जमिनीचे भाव चढले. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की सामुदायिक बाग झाल्यावर आसपासच्या मालमत्तांची किंमत वाढते आणि हा परिणाम सर्वात गरीब वस्त्यांत जास्त दिसतो. म्हणजे लोकांनी राबून परिसर सुधारला आणि त्यामुळेच त्यांच्या पायाखालची जमीन बिल्डरला हवीशी झाली.

महापौर रुडी जुलियानी यांच्या प्रशासनाने १९९९ च्या मे महिन्यात ११४ बागांचे भूखंड लिलावात काढायचं ठरवलं. शहराला घरांची गरज आहे, ही त्यांची बाजू होती आणि ती खोटी नव्हती. बागवाल्यांचं उत्तर होतं, की पालिकेकडे इतर हजारो मोकळे भूखंड असताना नेमक्या जिवंत बागाच का?

आंदोलन जोरात झालं. एका लिलावाच्या सभागृहात हजारो जिवंत रातकिडे सोडण्यात आले. एक कार्यकर्ता सूर्यफुलाचा वेष करून पालिका मुख्यालयाजवळच्या झाडावर चढून बसला. शेवटी लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी, ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांच्या ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ने, मिळून ४२ लाख डॉलर मोजून या ११४ जागा विकत घेतल्या.

सगळ्या बागांचं नशीब इतकं बलवत्तर नव्हतं. ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरची ‘एस्पेरांझा’ ही बाग वीसहून अधिक वर्षं जुनी होती. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ आशा. फेब्रुवारी २००० मध्ये आंदोलकांनी स्वतःला तिथे साखळ्यांनी बांधून घेतलं होतं, पण पोलिसांनी त्यांना हटवलं आणि बुलडोझर फिरला. त्याच दिवशी न्यायालयाने बागा हटवायला तात्पुरती मनाई केली, पण एस्पेरांझासाठी उशीर झाला होता.

२००२ मध्ये पुढचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या काळात तडजोड झाली. शेकडो बागा राखायच्या, काही जागांवर घरं बांधायची आणि बाग हलवायचीच असेल तर आधी ठरलेली प्रक्रिया पाळून पर्यायी जागा सुचवायची.

तरुण मुलं इथे काय करतात?

बाग वाचली तरी ती चालवायला माणसं लागतात. पहिली पिढी थकते, खुरपं धरणारे हात कमी होतात. म्हणून अनेक बागा मुलांना मुद्दाम कामात घेतात.

ब्रुकलिनमधल्या ईस्ट न्यूयॉर्क या भागात ‘ईस्ट न्यूयॉर्क फार्म्स’ हा उपक्रम १९९८ पासून बाजार भरवतो. ताजी भाजी मिळणं अवघड असलेली ही वस्ती. इथली शाळकरी वयाची मुलं शेतात काम करतात आणि पिकलेली भाजी बाजारात स्वतः विकतात. शेजारच्या बागांत कॅरिबियन आणि बांगलादेशी आजी-आजोबा आपापल्या देशातलं पिकवतात, त्यामुळे ब्रुकलिनच्या बाजारात कारलं आणि चवळीच्या लांब शेंगाही दिसतात. भाजी कशी लावायची हे मुलांना पुस्तकाआधी या शेजाऱ्यांकडून कळतं.

या मुलांना कामाचे पैसे मिळतात. बॉस्टनजवळ १९९१ मध्ये सुरू झालेला ‘द फूड प्रोजेक्ट’ही किशोरवयीन मुलांना मेहनताना देऊनच शेतीवर घेतो. फुकट राबणं ज्यांना परवडतं, तेच बहुतेक स्वयंसेवक होतात. घरची ओढाताण असलेल्या मुलाला सुट्टीत कमाई हवी असते. तिला बागेत जागा केली, तर ते मूल टिकतं.

शहराच्या मातीत पिकलेलं खाणं सुरक्षित आहे का?

खबरदारी घेतली तर हो. जुन्या शहरांच्या मातीत शिसं असू शकतं. जुन्या रंगांचे पापुद्रे आणि पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा धूर ही त्याची मुख्य कारणं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं आणि ते मातीतून आपोआप नाहीसं होत नाही.

म्हणून जुन्या भूखंडावर आधी माती तपासून घ्यायची. शंका असेल तर बाहेरून स्वच्छ माती आणून उंच गादीवाफे करायचे. टोमॅटो, भेंडी, वांगी अशा फळभाज्यांत धोका कमी असतो. मुळा, गाजर आणि पालेभाज्यांना माती चिकटते, म्हणून त्या नीट धुवायला हव्यात. पाणी कुठलं आहे, तेही पाहायला हवं. मुंबईत रेल्वे रुळांलगत पिकणाऱ्या माठ-पालकावर वर्षानुवर्षं जो आक्षेप घेतला जातो, तो तिथल्या सांडपाण्यामुळेच.

मुंबईचं उत्तर: जमीन नाही, तर गच्ची

न्यूयॉर्कसारखे पडीक भूखंड मुंबईत सामान्य माणसाच्या वाट्याला येणं कठीण. इथली ओळखीची गोष्ट एका स्वयंपाकघराच्या गच्चीवर घडली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची जबाबदारी प्रीती पाटील यांच्याकडे होती. तिथे रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं, या प्रश्नातून २००२ मध्ये गच्चीवर बाग सुरू झाली. भाज्यांबरोबर पेरू, चिकूसारखी फळझाडंही वाढली. पुढे याच अनुभवातून ‘अर्बन लीव्हज’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला.

या बागेमागची पद्धत कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांची. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला आणि ते एकमेकांना सांगायला लावलं. त्यांच्या पद्धतीत शेण, गोमूत्र आणि काळा गूळ पाण्यात आंबवून ‘अमृतजल’ करतात. त्यात पालापाचोळा भिजवून थोड्या मातीबरोबर थर लावतात आणि काही महिन्यांत काळी, भुसभुशीत ‘अमृतमाती’ तयार होते. ती साध्या मातीपेक्षा हलकी असते आणि गच्चीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. एक चौरस मीटर जागेवर ओल्या मातीचा १५ सेंटीमीटरचा थर दिला, तर वजन अडीचशे ते तीनशे किलोपर्यंत जातं.

तुमच्या सोसायटीत सुरू करायची असेल तर?

१. आधी कागद, मग कुदळ. सोसायटीची जागा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. पालिकेची किंवा संस्थेची असेल तर लेखी परवानगी घ्या आणि जागा परत घेण्याची अट नीट वाचा.

२. गच्ची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि वॉटरप्रूफिंग यांवर पैसे वाचवू नका.

३. लहान सुरुवात करा. चार वाफ्यांत मेथी, पालक, मिरची, टोमॅटो पुरे.

४. पाण्याच्या पाळ्या लिहून लावा, विशेषतः मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीच्या. बागा जास्त करून तेव्हाच वाळतात.

५. भाजी कशी वाटायची, हे पहिली भाजी निघण्याआधी ठरवा.

याने शहराचं पोट भरेल का?

नाही. गहू, तांदूळ, डाळी शेतातूनच येणार. सामुदायिक बाग काही घरांची पालेभाजी भागवते, ओला कचरा जिरवते आणि जिन्यात नुसती मान हलवणाऱ्या शेजाऱ्यांना एका कामावर आणते. न्यूयॉर्कच्या बागा वाचल्या त्या याच ओळखीमुळे. लिलावाची नोटीस आली, तेव्हा वाफ्यांमधली माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती, म्हणून ती एकत्र रस्त्यावर आणि न्यायालयात जाऊ शकली. तरीही एस्पेरांझा गेलीच. म्हणून जागेचा कागद पहिल्या दिवशीच मागून घ्या. तेव्हा तो मागणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्या जागेवर अजून कुणाचीच नजर नसते.