रस्ता फोडणाराचें कर्तव्य : दंड आणि शोधन

सार्वजनिक रस्ता कोणी कांहीं कामासाठीं फोडला, तर तो बुजवून पूर्ववत् करण्याची आणि तेथें पडलेली माती, खडी व राडारोडा उचलून नेण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न हल्लीं केवळ नगराच्या कारभाराचा समजला जातो. वस्तुतः तो धर्मशास्त्राचा व राजनीतीचा जुना प्रश्न आहे. त्याचीं प्रमाणें आमच्या ग्रंथांत आहेत, तशींच इंग्रजी अंमलांत आलेल्या कायद्यांतहि आहेत. हीं प्रमाणें एके ठिकाणीं मांडून त्यांतून काय निष्पन्न होतें तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या विचारास निमित्त आमच्या गांवचेंच आहे. कसबा बावडा हा कोल्हापूरच्या उत्तरेचा, पंचगंगेकांठचा भाग. राजर्षि शाहू छत्रपतींचा जन्म १८७४ सालीं येथीलच लक्ष्मीविलास राजवाड्यांत झाला. जुन्या महसुली भाषेंत बाजारपेठ असलेल्या मोठ्या गांवास कसबा व इतर गांवांस मौजे म्हणत. म्हणजे रहदारी ही या गांवाच्या नांवांतच आली. येथील एका पदपथाची फरसबंदी केबल टाकण्यासाठीं उखडण्यांत आली. केबल टाकून झाली, चर बुजला, फरशाहि कशाबशा बसल्या. परंतु उरलेला मुरूम व फुटक्या फरशा यांचा ढीग पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला, आणि पहिल्या पावसानें तो गटारांत नेऊन सोडला. तोंपर्यंत पदपथ असून नसल्यासारखा झाला होता, व म्हाताऱ्या माणसांस भर रस्त्यांतून चालावें लागत होतें. विचारणा करतां ठेकेदाराच्या माणसांनीं सांगितलें कीं, ‘रस्त्याचे पैसे आधींच भरलेले आहेत.’ पैसे भरले म्हणजे कर्तव्य संपलें काय, एवढाच खरा वादाचा मुद्दा आहे.

या मुद्द्यावर मनुस्मृतीचा नववा अध्याय स्पष्ट आहे. प्रचलित पाठांतील २८२ व्या श्लोकाचें तात्पर्य असें कीं, आपत्ति नसतां जो राजमार्गावर अमेध्य टाकील, त्यानें दोन कार्षापण दंड द्यावा आणि तें अमेध्य सत्वर साफ करावें. येथील ‘च’कार समुच्चयार्थक आहे, विकल्पार्थक नाहीं. दंड द्यावा अथवा साफ करावें, असें स्मृतिकार म्हणत नाहीं. दोन्ही करावें असें म्हणतो. याहून महत्त्वाचा पुढचा श्लोक होय. आपद्ग्रस्त, वृद्ध, गर्भिणी व बालक यांस तेथें द्रव्यदंड सांगितलेला नाहीं. त्यांस केवळ शब्दानें समज द्यावी असें आहे. परंतु शोधन त्यांच्याहि प्रकरणीं कायम ठेवलें आहे. दंड माफ झाला तरी शोधन माफ होत नाहीं, यावरून शोधन हा दंडाचा भाग नव्हे, तें स्वतंत्र कर्तव्य आहे, हें उघड होतें.

यावर असा आक्षेप येईल कीं, अमेध्य म्हणजे विष्ठादि अपवित्र पदार्थ. मुरमास व खडीस तो शब्द लागत नाहीं. आक्षेप योग्य आहे. म्हणून कौटिल्याकडे वळलें पाहिजे. शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें अर्थशास्त्राची पोथी उजेडांत आणून १९०९ सालीं तें छापलें, हें वाचकांस विदितच आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकाच्या कर्तव्यांचें प्रकरण पाहिलें असतां, रथ्येंत पांसु म्हणजे माती टाकणारास एक अष्टमांश पण, आणि चिखल-पाणी तुंबविणारास पाव पण दंड सांगितलेला आढळतो. राजमार्गावर हेच दंड दुप्पट. कोरड्या मातीहून तुंबलेल्या चिखलास दुप्पट दंड ठेवण्यांतील व्यवहारज्ञान लक्षांत घेण्याजोगें आहे. ज्यानें माती टाकली त्याची आज केवळ अडचण होते. पाऊस आला कीं तीच माती पाण्याची वाट अडविते.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. कौटिल्याच्या या सूत्रांत शोधनाचा शब्द नाहीं, आणि मनूच्या श्लोकांत मातीचा शब्द नाहीं. दोन ग्रंथ एकत्र शिवून तिसराच नियम निर्माण करणें शास्त्रास धरून होणार नाहीं. दोहोंचा हेतु मात्र एकच, राजमार्ग मोकळा राहावा हा. त्या हेतूपुरतें दोहोंचें साक्ष्य एकमेकांस पूरक मानण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां अर्वाचीन प्रमाणें पाहूं. इंग्लंडांत १८४७ सालीं गॅसकंपन्या व पाणीकंपन्या यांच्यासाठीं जे कायदे झाले, त्यांत रस्ता फोडणारावर क्रमानें पुढील गोष्टी लादल्या आहेत: काम चालू असतां कुंपण घालावें व रात्रीं दिवा ठेवावा; सोयीच्या सर्व त्वरेनें काम पुरें करून खड्डा भरावा; फरसबंदी पूर्ववत् करावी; निघालेला राडारोडा वाहून न्यावा; आणि त्यानंतरहि तीन महिने, व जमीन खचत राहिल्यास एकूण बारा महिनेपर्यंत, तो भाग दुरुस्त ठेवावा. भरलेली माती कांहीं काळ खालीं बसते, हें ओळखूनच शेवटची अट घातलेली आहे. हिंदुस्थानांतील १९१० च्या विद्युत् कायद्यांत याच धर्तीची तरतूद होती. रस्ता फोडण्याची परवानगी ज्यास मिळाली त्यानेंच तो पूर्ववत् करावा, न केल्यास आयुक्तांनीं तें करून खर्च त्याजकडून घ्यावा, असा नियम मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यांत व प्रांतिक महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यांत आला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. १८५४ सालापासूनच्या येथील नगरपालिकेची १९७२ सालीं महानगरपालिका झाली, व हा दुसरा कायदा तिला लागू झाला. पुढें २०१६ सालीं केंद्र सरकारनें बांधकामाच्या राडारोड्याविषयीं नियम केले. त्यांत पाणी, वीज, दूरध्वनि इत्यादि सेवा पुरविणारांनीं व त्यांच्या ठेकेदारांनीं शक्य तर रोजच्या रोज जागा साफ करावी, असें स्पष्ट सांगितलें होतें. २०२५ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम प्रसिद्ध झाले.

या सर्व कायद्यांचा रोख परवानगी घेणारावर आहे, कुदळ मारणारावर नाहीं. कंपनी ठेकेदारास, ठेकेदार पोटठेकेदारास काम देतो, आणि शेवटचा मजूर दुसऱ्या गांवीं निघून जातो. ही साखळी कितीहि लांबली तरी तिचें पहिलें टोंक परवानापत्रावरच असतें.

मग ढीग कां राहतो? नियम नाहीं म्हणून नव्हे. दंड आणि शोधन यांतील भेद आपण विसरलों म्हणून. पृष्ठभाग एकसारखा व्हावा या हेतूनें अनेक ठिकाणीं महापालिका रस्तादुरुस्तीची रक्कम आगाऊ घेऊन फरसबंदी स्वतः करते. हेतु चांगला आहे. पण त्यामुळें पैसे देणारास आपण मोकळे झालों असें वाटतें, पैसे घेणारास सवडीनें करूं असें वाटतें, आणि या दोहोंच्या मध्यें माती कोणाचीच राहत नाहीं. ती रक्कम फरशांचें मूल्य आहे. राडारोडा तेथेंच टाकण्याचा परवाना नव्हे.

खोदकामास आमचा विरोध नाहीं. काळम्मावाडी धरणाचें पाणी सुमारें ५३ किलोमीटर लांबीच्या वाहिनीनें नोव्हेंबर २०२३ मध्यें कोल्हापुरास आलें, तें भूमि खोदल्यावांचून आलें नसतें. मागणी एवढीच कीं, अनामत रकमेचा कांहीं अंश राडारोडा उचलल्याची खात्री होईपर्यंत व एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा, आणि प्रत्येक चराशीं परवानाधारकाचें नांव लावावें. हें नवें नाहीं. मनूनें दोन श्लोकांत सांगितलेला भेद व्यवहारांत आणणें एवढेंच आहे.

शेवटीं संग्राहकांस विनंति. सनदा व वंशावळी यांवर आपलें लक्ष असतें, तें योग्यच. परंतु कोतवालीचे हिशेब, गटारांच्या व पाण्याच्या नळांच्या कामाचे करारनामे, हे मोडी कागद रद्दी समजून टाकले जातात. असा एखादा कागद कोणाच्या संग्रहीं असून त्यांत ‘काम झालियावर रस्ता साफ करून देणें’ अशा आशयाची अट आढळल्यास तो अवश्य प्रसिद्ध करावा. स्मृतींतील विधि आणि कायद्यांतील कलम यांमधील आमच्या नगरांचा प्रत्यक्ष व्यवहार अशाच कागदांवरून कळेल.