एक वचन आणि काळे उंदीर

मोठ्या माणसाच्या मुखांतून एखादें वाक्य निघालें कीं त्याचें सूत्र बनतें, आणि सूत्र बनलें कीं त्याची परीक्षा थांबते. ही खोड आम्ही शास्त्री-पंडितांच्या माथीं मारतों; पण प्रयोगशाळाही तिच्यापासून मुक्त नाहींत.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं १९०० च्या सुमारास बकऱ्यांस दुसऱ्या बकऱ्यांचें रक्त टोचून पाहिलें. परक्या रक्तपेशींचा नाश करणारीं प्रथिनें, म्हणजे प्रतिपिंडें, त्यांच्या रक्तांत उत्पन्न झालीं. स्वतःच्या पेशींस मात्र त्यांचा उपद्रव झाला नाहीं. शरीराच्या या आत्मघाताविषयींच्या तिटकाऱ्यास एर्लिख यांनीं ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असें नांव दिलें. शरीरांत कांहीं नियामक योजना असली पाहिजे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पुढील पिढीनें ‘असें घडणेंच शक्य नाहीं’ असा अर्थ घेतला. १९०४ सालीं व्हिएन्ना येथें डोनाथ व लँडस्टायनर यांनीं रोग्याच्याच तांबड्या पेशी फोडणारें द्रव्य त्याच्या रक्तांत दाखविलें. तें अपवादांत जमा झालें.

हा समज ढळण्यास मोठें साहाय्य झालें तें उंदरांचें. न्यूझीलंडांतील डुनेडिन येथें मारियान बिएलशोव्स्की यांनीं कर्करोगाच्या संशोधनासाठीं सख्ख्या भावंडांच्या संकरानें काळ्या उंदरांचें एक कुळ वाढविलें होतें. त्यांस आपोआप पांडुरोग होतो, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. कूम्ब्स यांची कसोटी लावतां उंदरांच्या तांबड्या पेशींवर त्यांचींच प्रतिपिंडें चिकटलेलीं आढळलीं. १९६३ सालीं हेलियर व हॉवी यांनीं दाखविलें कीं, या कुळाच्या संकरित संततीस मूत्रपिंडाचा विकार होतो व तिच्या रक्तांत ल्युपस या मानवी रोगाची खूण मिळते. पांढऱ्या कुळाशीं झालेल्या संकरांत माद्या नरांच्या आधीं मरतात. माणसांतही ल्युपस मुख्यतः स्त्रियांसच ग्रासतो.

मनुष्य वैद्याकडे जातो तो रोग जडल्यावर. उंदराचें रक्त मात्र लहानपणापासून वरचेवर तपासतां येतें. त्यावरून कळलें कीं, डी. एन. ए. विरुद्धचीं प्रतिपिंडें आधीं प्रकट होतात आणि मूत्रपिंडें मागाहून बिघडतात. माणसांतही क्रम असाच निघाला. अमेरिकन सैनिकांचें सांठविलेलें रक्त तपासून २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, ल्युपस झालेल्या १३० जणांपैकीं ११५ जणांच्या रक्तांत निदानापूर्वींच स्वतःविरुद्धचीं प्रतिपिंडें आढळलीं. एका वचनाच्या धाकानें जी गोष्ट अशक्य मानली गेली, तिची वर्दी रक्त असें आगाऊ देत होतें; विचारणारा तेवढा हवा होता.